मैत्रिणीला फोल्डर द्यायचाय, घर नाही

जुन्या पीसीवर लिनक्स टाकून घरीच सर्व्हर चालवणारे आमच्यात बरेच आहेत. क्षेत्रकामातल्या मुलाखती, स्कॅन केलेले कागद, सगळं त्यावर. मग दुसऱ्या शहरातली मैत्रीण म्हणते, "मला त्या मुलाखती ऐकून लिहून काढायच्यात, कशा घेऊ?" तिला टर्मिनल येत नाही, आणि यायलाच हवं असंही काही नाही. तिला हवी एक साधी खिडकी: डावीकडे तिचा लॅपटॉप, उजवीकडे तुमचा सर्व्हर, आणि माउसने फाइली इकडून तिकडे.

हा प्रश्न बहुतेक वेळा 'सोपं हवं की सुरक्षित?' असा मांडला जातो. मला तो तसा वाटत नाही. १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात आठ तत्त्वं आहेत. ज्याला जेवढं लागतं तेवढाच अधिकार द्यावा, हे त्यातलं तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. आठवं मात्र विसरलं जातं: व्यवस्था वापरायला इतकी सोपी हवी की माणूस सवयीनेच ती नीट वापरेल. पुढे १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर यांनी १२ जणांना पीजीपी ५.० वापरून गुप्त ईमेल पाठवायला सांगितलं. त्यातल्या तिघांनी गुप्त मजकूर चुकून उघडाच पाठवून दिला!

आपल्या बाबतीत हे असं घडतं: रस्ता किचकट असला की मैत्रीण म्हणते, जाऊ दे, व्हॉट्सॲपवर टाक. नाहीतर 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडेल असं काहीतरी तयार होतं. आणि मुलाखत देणाऱ्या बाईंनी संमती दिलेली असते ती दोन-तीन संशोधकांपुरती.

म्हणून माझी पसंती एसएफटीपीला. नावात एफटीपी असलं तरी हा प्रकार वेगळा. एफटीपी १९७१ पासूनचं, पासवर्ड उघडा पाठवणारं. एसएफटीपी चालतं एसएसएचवरून, जे तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये लिहिलं, तेही विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकल्यानंतर. तुमच्या सर्व्हरवर एसएसएच बहुधा आहेच. मैत्रिणीने विंडोजवर विनएससीपी किंवा मॅकवर सायबरडक टाकायचं, पत्ता-नाव-पासवर्ड एकदा भरून सेव्ह करायचं. पुढच्या वेळी डबल क्लिक.

नेक्स्टक्लाउडही छान आहे, पण त्याचा डेटाबेस आणि अपडेट कायम सांभाळावे लागतात. एका पाहुण्यासाठी मांडव कशाला? आणि विंडोजचं नेहमीचं फोल्डर शेअरिंग, म्हणजे एसएमबी, थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय त्याच दारातून जगभर पसरलं.

आता मुख्य काम, कुंपण. तिच्यासाठी वेगळं खातं काढा. एसएसएचच्या सेटिंगमध्ये त्या खात्यापुरत्या दोन गोष्टी सांगता येतात: एक, फक्त फाइलींची देवाणघेवाण, कमांड चालवणं नाही, दोन, अमुक फोल्डर हेच तिचं सगळं जग. या दुसऱ्याला 'चरूट' म्हणतात. इथे हमखास अडकायला होतं: तो कुंपणाचा फोल्डर 'रूट'च्या मालकीचा लागतो आणि दुसऱ्या कुणालाही त्यात लिहिता येता कामा नये. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते आणि दोष पासवर्डला दिला जातो. उपाय साधा. आत दोन फोल्डर करा: 'मुलाखती', ज्यातून तिला फक्त वाचता येईल, आणि 'लिखाण', जो तिच्या मालकीचा. एसएफटीपीत डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे मूळ रेकॉर्डिंग वाचण्यापुरतंच ठेवणं दोघींच्याही सोयीचं.

राहिला रस्ता. खरी डोकेदुखी बऱ्याचदा इथेच असते. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कुणी पोचणार नाही. मग टेलस्केलसारखं काहीतरी दोन्हीकडे टाकायचं. त्यात आपलं अख्खं नेटवर्क न देता फक्त एक मशीन दुसऱ्याशी शेअर करता येतं, इंटरनेटवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही. या खाजगी रस्त्यावर लांबलचक पासवर्ड मला पुरेसा वाटतो. सार्वजनिक पत्ता असेल आणि पोर्ट उघडलंच, तर मात्र पासवर्ड बंद करून किल्लीच वापरा. दार ठोठावणारे बॉट काही तासांतच लॉगमध्ये दिसू लागतात.

पहिल्यांदा जोडताना विनएससीपी सर्व्हरचा ठसा दाखवून 'विश्वास ठेवू का?' असं विचारतं. सगळे डोळे झाकून 'हो' करतात. त्या दिवशी तिला फोन करा, ती अक्षरं वाचायला सांगा, तुमच्याकडच्याशी जुळवा. दोन मिनिटांचं काम.

आणि खातं काढतानाच त्याला संपायची तारीख घाला, लिखाण कधी होईल तेवढ्या अंदाजाने. उशीर झाला तर वाढवता येते.