सायप्रिनसच्या पेशीत दोन घराण्यांचा संसार

सुकापूर-पनवेलकडे गोड्या पाण्यातले मासे घेताना सायप्रिनस दिसला तर जरा निरखून बघा. सोनेरी झाक, जाड खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. रोहूच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात, याच्या पेशीत १००!

कारण हा मुळात संकर आहे. सुमारे १.२४ कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींचे जनुकसंच एकत्र आले आणि दोन्ही टिकले. मग एकाच कामासाठी दोन-दोन जनुकं असताना चालतं कोणाचं? २०१९ च्या जनुकसंच अभ्यासात दिसलं, की ‘अ’ आणि ‘ब’ संचांपैकी ‘ब’चा आवाज एकंदरीत मोठा आहे. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट हा आवाज कमी-जास्त करत असावेत. तरीही ‘अ’ची जनुकं फारशी गळाली नाहीत, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं.

चीनच्या हुनानमध्ये तर संशोधकांनी लाल क्रुशियन कार्पची मादी आणि सायप्रिनसचा नर यांचा संकर केला. तिसऱ्या पिढीत २०० गुणसूत्रांचे, प्रजननक्षम मासे मिळाले! त्यांचा १०० गुणसूत्रांच्या साध्या माशांशी संकर केला की १५० गुणसूत्रांची वांझ पिल्लं होतात.