पूर्णेच्या वाचनालयातून कायद्याचा शोध

सार्वजनिक वाचनालयात कायद्याची चौकशी करणाऱ्या वाचकाला बहुधा तीनपैकी एक गोष्ट हवी असते : एखादे कलम, एखाद्या न्यायालयाचा निकाल किंवा स्वतःच्या चालू प्रकरणाची पुढची तारीख. या तिन्ही आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. मात्र त्या एका जागी नसतात, आणि सापडलेला कागद आपल्या गावाला व आपल्या घटनेला लागू आहे की नाही, हे संकेतस्थळ सांगत नाही. तिथे ग्रंथपालाची गरज लागते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 नुसार मान्यता मिळालेल्या तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयांत कायद्याची पुस्तके मोजकी असतात आणि लवकर जुनी होतात. 1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम 302 होते ते 103 झाले, फसवणुकीचे 420 होते ते 318 झाले. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियमही त्याच दिवशी बदलले. तरीही जुनी पुस्तके रद्दीत काढून चालत नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागू होते. त्यामुळे शोधाचा पहिला प्रश्न 'घटना कधीची?' हा असतो.

दुसरा प्रश्न 'जमीन कुठली?' परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. पण राज्याची सीमा बदलली म्हणून कायदे आपोआप बदलले नाहीत. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम 119 ने प्रत्येक भागातले कायदे, विधिमंडळ बदल करीपर्यंत, त्या त्या भागात तसेच चालू ठेवले. त्यामुळे पूर्णेच्या शेतजमिनीतील कुळाचा प्रश्न आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 खाली येतो, आणि इनाम जमिनीसाठी 1954 चा हैदराबादचाच कायदा पाहावा लागतो.

शोधपेटीत मात्र 'महाराष्ट्र कुळकायदा' असे लिहिले की बहुतेकदा 1948 चा अधिनियम आधी समोर येतो. तो मूळचा मुंबई कुळवहिवाट अधिनियम. 2012 मध्ये राज्याच्या जुन्या कायद्यांच्या नावातील 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातले गेले आणि घोटाळा वाढला : नाव साऱ्या राज्याचे, अंमल मात्र जुन्या मुंबई इलाख्यातल्या भागापुरता. विदर्भासाठी 1958 चा तिसराच कायदा आहे. कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचे निर्बंध 1948 च्या कायद्यात कलम 43 मध्ये, हैदराबादच्या कायद्यात कलम 50ब मध्ये आणि विदर्भाच्या कायद्यात कलम 57 मध्ये आहेत. पुण्याच्या नातेवाइकाने मोबाइलवर पाठवलेले कलम 43 पूर्णेच्या सातबाऱ्याला लागत नाही, आणि चुकीच्या कायद्यावर उभा केलेला अर्ज शेतकऱ्याचे पैसे व वर्षे दोन्ही खातो. उपाय साधा आहे. कोणताही कायदा उघडला की आधी कलम 1 वाचावे. कायद्याचे नाव, तो कोणत्या भागाला लागू आहे आणि कधीपासून, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही मात्र साऱ्या राज्याला एकच आहे. बांधावरून शेतात जाण्याच्या रस्त्याचा तंटा तिच्या कलम 143 खाली तहसीलदारापुढे चालतो.

कायद्यांचा मूळ मजकूर पाहण्यासाठी केंद्र सरकारचे 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ आहे. त्यावर केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम आहेत. राज्याच्या कायद्यांचा मराठी पाठ विधी व न्याय विभागाकडे, नवी दुरुस्ती राजपत्रात, आणि शासन निर्णय शासनाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर सांकेतांकासह मिळतो.

निकालांचा शोध वेगळा. पूर्णेतल्या दिवाणी दाव्याची वाट परभणीच्या जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. हे खंडपीठ 1981 मध्ये सुरू झाले, म्हणून मराठवाड्याच्या पक्षकारांना मुंबईऐवजी सुमारे दोनशे किलोमीटरवर उच्च न्यायालय मिळाले. खंडपीठाच्या अलीकडच्या निकालांवर वर्ष, 'बीएचसी-एयूजी' ही खूण आणि क्रमांक असा उल्लेख असतो. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालवृत्त 2 जानेवारी 2023 पासून 'ई-एससीआर' या नावाने सर्वांना खुले झाले. त्याआधी, 2008 पासून, 'इंडियन कानून' या खाजगी संकेतस्थळाने ही वाट सामान्य वाचकाला मोकळी करून दिली होती. कायदा इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुला करण्याच्या चळवळीची जगातली सुरुवात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने 1992 मध्ये केली.

स्वतःचे प्रकरण पाहायचे तर 'ई-कोर्ट्स' उघडावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरे-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असेल तर तारीख आणि आदेश लगेच दिसतात. तो नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते, आणि तिथे खरी अडचण येते. नावे इंग्रजी लिपीत नोंदवलेली असतात आणि किशनराव हे नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आडनावाची पहिली काही अक्षरे, वर्ष आणि 'प्रलंबित' की 'निकाली' एवढे देऊन यादी काढणे आणि तीतून माणूस ओळखणे, हेच अशा वेळी कामी येते.

पूर्णेतले काही तंटे मात्र त्या यादीत कितीही शोधले तरी सापडणार नाहीत. पूर्णा हे अकोल्याकडे फाटा फुटणारे जंक्शन आहे आणि गावात रेल्वेची वसाहत आहे. रेल्वे कर्मचाऱ्याच्या पदोन्नतीचा किंवा निवृत्तिवेतनाचा वाद केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जातो, रेल्वे अपघाताची भरपाई रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे. फेरफाराचा वाद महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतो.

निकाल सापडला म्हणजे काम संपले असेही नाही. तो आज टिकून आहे का, हे पाहावे लागते. मुलींच्या वाटणीचा विषय याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो अडसर काढला. 2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालाने त्या दिवशी वडील हयात असण्याची अट घातली, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालाने ती अट रद्द ठरवली. फक्त 2015 चा निकाल छापून नेणारी बहीण आपला हक्क गेला असे समजून गप्प बसेल. शोधात दाखवलेला हा निष्काळजीपणा अक्षम्य मानला पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवलेला निकालही मूळ संकेतस्थळावर उघडून पाहिल्याशिवाय खरा धरू नये. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मुळात नसलेले निकाल सादर करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला.

भाषेची भिंत उरतेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. निवडक निकालांचे मराठी अनुवाद उपलब्ध होऊ लागले आहेत. ते समजून घेण्यासाठी उत्तम, पण न्यायालयात अधिकृत धरला जातो तो इंग्रजी पाठ.

ग्रंथपालाने कलम शोधून द्यावे, तारीख दाखवावी, अवघड शब्दाचा कोशातला अर्थ काढून द्यावा. 'दावा लावू का?' याचे उत्तर त्याने देऊ नये. तो सल्ला वकिलाचा. घटस्फोट, पोटगी, मारहाण असे विषय शोधून झाल्यावर सामायिक संगणकावरची नोंद पुसणे हेही त्याच सेवेचा भाग आहे, कारण लहान गावात पडद्यावर राहिलेली एक ओळ घरापर्यंत पोहोचते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना हा मोफत वकील उत्पन्नाची अट न लावता मिळतो.