जुन्या मोटारीची देखभाल आणि टॉर्क पाना

हैदराबाद येथील चौमहल्ला राजवाड्यात निजामांच्या मोटारी जतन करून ठेवण्यात आल्या आहेत. त्यांतील पिवळ्या रंगाची, घुमटाकार छताची 'सिल्व्हर घोस्ट' रोल्स-रॉइस प्रेक्षकांचे लक्ष प्रथम वेधून घेते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविण्यात आली होती. तथापि १९११ साली त्यांचे निधन झाले आणि १९१२ च्या या गाडीचा मान त्यांचे वारस मीर उस्मान अली खान यांच्याकडे गेला. या मोटारीच्या इंजिनात सिलिंडर व त्यांवरील हेड हे एकाच ओतिवात घडविलेले असतात. साहजिकच हेडचे नट आवळण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. इतर नट मात्र होतेच आणि ते किती आवळावयाचे हे त्या काळी मिस्त्रीचे मनगटच ठरवीत असे.

त्या मनगटाला मोजमापाची जोड देणारे साधन म्हणजे टॉर्क पाना. त्याचा जन्म मोटारीच्या कारखान्यात झाला नाही, ही गोष्ट मनोरंजक आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांना १९१८ साली या साधनाच्या शोधाचे श्रेय दिले जाते. नळांच्या जोडावरील बोल्ट कामगारांकडून प्रमाणाबाहेर आवळले जात, ही त्यांची अडचण होती.

हैदराबाद संस्थानात १९३२ च्या जूनमध्ये निजाम रेल्वेच्या आधिपत्याखाली २७ गाड्या व १६६ कर्मचारी यांच्यासह मोटार वाहतूक सुरू झाली. मराठवाडा त्या वेळी याच संस्थानाचा भाग होता. एका गाडीला एकच जाणता मिस्त्री असेल तर अंदाज चालून जातो. अनेक गाड्या व अनेक हात असतील तेथे प्रत्येकाचा 'घट्ट' निराळा ठरतो.

बोल्ट आवळला म्हणजे नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. हा ताण हीच खरी पकड होय. टॉर्क पाना मात्र ताण मोजीत नाही. तो पिळाचा जोर मोजतो. त्या जोरापैकी साधारणतः निम्मा भाग नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात व आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो केवळ दशांश. आटे गंजलेले असतील तर पाना योग्य आकडा दाखवील, पण पकड ढिली राहील. उलट जेथे कोरडे आटे गृहीत धरून आकडा दिला आहे, तेथे सढळ हाताने तेल घातल्यास त्याच आकड्याला बोल्ट नको तितका ताणला जाईल. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करणे आणि ते कोरडे ठेवावयाचे की तेलाचा हात द्यावयाचा हे माहितीपुस्तिकेत पाहणे, ही कामे पाना हाती घेण्यापूर्वीची आहेत. दुर्दैवाने घाईत हीच वगळली जातात.

पुस्तिकेतील एककाकडेही लक्ष हवे. ब्रिटिश वंशाच्या गाड्यांची मापे फूट-पौंडांत, तर इटालियन वंशाच्या गाड्यांची किलोग्रॅम-मीटरमध्ये आढळतात. आजचे पाने बहुधा न्यूटन-मीटर दाखवितात. ४० फूट-पौंड म्हणजे सुमारे साडेपाच किलोग्रॅम-मीटर किंवा ५४ न्यूटन-मीटर. न्यूटन-मीटरचा आकडा फूट-पौंड समजून लावल्यास जोर एक-तृतीयांशाहून अधिक वाढतो आणि जुना स्टड तुटण्यास तेवढे पुरते. मॉरिस ऑक्सफर्डपासून आलेल्या अॅम्बॅसॅडरमधील नट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या नटावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो खरा, परंतु तो कोपरे झिजवितो.

फियाट ११०० व तिच्यापासून आलेली पद्मिनी यांचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असतो. अॅल्युमिनियम उष्णतेने अधिक प्रसरण पावते व असमान दाबाने वाकते. असे हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच खोलावे. बसविताना मधल्या नटांपासून सुरुवात करून आळीपाळीने कडेकडे जावे आणि ठरलेला जोर एकदम न देता तीन टप्प्यांत द्यावा. पान्याची मूठ मधोमध धरून संथपणे ओढावी. 'कट्' असा आवाज होताच हात थांबला पाहिजे. खात्रीसाठी पुन्हा एकदा ओढणे म्हणजे अधिकचा पीळ देणे होय. मुठीत नळी घालून पाना लांबविणे तर सर्वथा वर्ज्य. तोंडाला पुढे जोड लावल्यास पान्याची प्रभावी लांबी वाढते व आकडा त्या प्रमाणात कमी करावा लागतो: ४० सेंटिमीटरच्या पान्याला सरळ रेषेत १० सेंटिमीटरचा जोड लावल्यास ५० च्या जागी ४० लावावे.

टॉर्क पान्याने नट सैल करू नयेत. त्यासाठी साधा पाना असतो. काम झाल्यावर आवाज देणाऱ्या पान्याची स्प्रिंग मोजपट्टीवरील किमान आकड्यावर आणून ठेवावी आणि सुमारे ५,००० वेळा वापर झाल्यावर अथवा वर्षातून एकदा तो तपासून घ्यावा.

या काळजीला आता कायद्याचेही एक अंग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापर नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येतात. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, पत्रा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ब्लॉकमध्ये तुटलेला स्टड छिद्र पाडून काढता येतो. तेथे नवे आटेही बसविता येतात. मात्र या खटाटोपात मूळ ओतिवाला तडा गेला, तर तसा ब्लॉक आज बाजारात सहसा मिळत नाही.

चाकांच्या नटांबाबत एक सूचना. ते समोरासमोरील क्रमाने आवळावेत, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा आणि गाडी ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर, चाके निवल्यावर, पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.