दुचाकीचा परवाना : कोणती परीक्षा, कोणतें शिक्षण ?

ठाण्यांतील माजिवड्याचा नाका ज्यानें सकाळीं नऊच्या सुमारास पाहिला असेल, त्याला वाहन चालविण्याच्या शिक्षणाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग व घोडबंदरचा रस्ता येथें एकमेकांस मिळतात. अजस्र मालवाहू गाड्या, बसगाड्या, रिक्षा आणि या सर्वांच्या फटींतून वाट काढणाऱ्या असंख्य दुचाक्या ! अशा जागीं राहणाऱ्या कुटुंबांत मुलाला किंवा मुलीला अठरावें वर्ष लागून पुरें झालें, कीं घरांत प्रश्न निघतो : परवाना कोणत्या गाडीचा काढावा, आणि गाडी शिकावी कोणाकडे ?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण तो तसा नाहीं. २०२२ सालीं भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत दगावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचीं होतीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें दुचाकीचे दोन वर्ग केले आहेत : विनागिअर आणि गिअरची. आजची स्कूटर, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, बहुधा पहिल्या वर्गांत पडते. मोटारसायकल दुसऱ्या वर्गांत. गिअरच्या गाडीचा परवाना असणाऱ्यास स्कूटर चालवितां येते. विनागिअरचा परवाना असणाऱ्यास मोटारसायकल चालवितां येत नाहीं.

ब्रिटनमध्यें मोटारसायकलीच्या शक्तीप्रमाणें परवान्याच्या पायऱ्या आहेत, १२५ सी. सी.च्या लहान गाडीपासून मोठ्या गाडीपर्यंत त्या वयाप्रमाणें व परीक्षेप्रमाणें चढाव्या लागतात. आपल्याकडे १०० सी. सी.च्या मोटारसायकलीवर उत्तीर्ण झालेला तरुण दुसऱ्या दिवशीं ६५० सी. सी.च्या गाडीवर बसला, तरी कायदा आड येत नाहीं. जी पायरी कायद्यानें घातलेली नाहीं, ती शिकणाऱ्यानें स्वतःच घालून घ्यावयाची असते.

आतां निवड कशी करावी ? ‘स्कूटरवरची परीक्षा सोपी, तेव्हां तोच परवाना काढून टाक,’ असा सल्ला पुष्कळ घरांत दिला जातो. जिच्या घरीं स्कूटरच आहे आणि पुढेंहि तीच चालवावयाची आहे, अशा गृहिणीस तो योग्यच आहे. विनागिअरचा परवाना कांहीं कमी प्रतीचा नव्हे. परंतु महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. आज ना उद्यां मित्राची किंवा मामाची मोटारसायकल त्याच्या हातीं येणार. त्या क्षणीं खिशांत परवाना असूनहि कायद्याच्या दृष्टीनें तो विनापरवानाच ठरतो. त्याबद्दल पांच हजार रुपये दंड होऊं शकतो. अपघात घडल्यास विमा कंपनी आक्षेप घेऊं शकते आणि भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येऊं शकतो. नंतर दुसरा वर्ग जोडून घ्यावयाचा, तर पुन्हां शिकाऊ परवाना आणि पुन्हां परीक्षा.

शिवाय दोन्ही यंत्रें हाताळण्याची रीतच भिन्न आहे. स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातांत असतात. मोटारसायकलीवर डाव्या हातीं क्लच, डाव्या पायाशीं गिअर, उजव्या हातीं पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाखालीं मागचा, अशी कामाची वांटणी असते. घोडबंदर रस्त्यावरील गायमुखाचा घाट उतरतांना खालचा गिअर ठेवून इंजिनाकडूनच वेग आवरून घ्यावयाचा, ही विद्या स्कूटरवर हस्तगत होत नाहीं.

परवान्याचा मार्ग असा आहे. प्रथम शिकाऊ परवाना. वाहतुकीच्या नियमांची ही परीक्षा महाराष्ट्रांत २०२१ पासून आधारच्या साहाय्यानें घरबसल्याहि देतां येते. हा परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याविना पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसतां येत नाहीं. या काळांत गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल’ अक्षर लावावें लागतें, आणि शिकविणाऱ्याखेरीज कोणासहि मागें बसवितां येत नाहीं. पक्की परीक्षा परिवहन कार्यालयांत होते; ठाण्याच्या कार्यालयाचा क्रमांक एमएच ०४, कल्याणचा एमएच ०५. ज्या वर्गाचा परवाना हवा, त्याच वर्गाची गाडी न्यावी लागते. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनीं पुन्हां बसतां येतें.

सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो हें खरें. पण तो फक्त ५० सी. सी.पर्यंतच्या गाडीचा. घरांतील ११० किंवा १२५ सी. सी.ची स्कूटर त्यावर चालत नाहीं. अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडी देऊन त्याच्याकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं.

शिक्षणाच्या बाबतींत एक घोटाळा नेहमीं होतो. साधी मोटार ड्रायव्हिंग स्कूल नमुना ५ चें प्रमाणपत्र देते. त्यानें परिवहन कार्यालयांतील परीक्षा चुकत नाहीं. २०२१ च्या नियमांनीं ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र’ हा निराळा प्रकार निर्माण झाला. तेथील शिक्षण पुरें करून मिळालेल्या नमुना ५-बी च्या प्रमाणपत्रावर मात्र ती परीक्षा माफ होते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं कोणतें प्रमाणपत्र मिळणार हें विचारून घ्यावें. ‘परीक्षेविना परवाना काढून देतों’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावें. परीक्षा चुकविणारा परीक्षकास नव्हे, स्वतःलाच फसवितो.

बहुतेक घरांत दुचाकी शिकवितात ते वडील किंवा थोरला भाऊ. त्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र शिकविणाऱ्याजवळ त्या वर्गाचा परवाना हवा, आणि क्रम सुटूं नये. आधीं मोकळें मैदान, मग वसाहतींतील रस्ता, आणि सर्वांत शेवटीं नाका. आठाच्या आकड्यासारखें वळण पाय न टेकतां घेणें एवढ्यावर शिक्षण संपत नाहीं. ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर पुढें जाते. धोका दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच एवढें अंतर सरलेलें असतें. हें गणित ज्याच्या अंगवळणीं पडलें, तोच खरा उत्तीर्ण.

तेव्हां परीक्षा निवडतांना ‘कोणती सोपी ?’ असें न विचारतां ‘पुढें कोणती गाडी हातीं येणार ?’ असें विचारावें. परीक्षेच्या मैदानावर चूक झाली, तर आठवड्यानें पुन्हां संधि मिळते. माजिवड्याच्या नाक्यावर ती मिळेलच असें नाहीं.