हळदीच्या पानातलं बिऱ्हाड

भाद्रपदात हळदीच्या वाफ्यात डोकावलं, तर एखाद्या पानाची कड आत वळून रेशमी धाग्यांनी चिकटवलेली दिसते. शेतकऱ्यांच्या लेखी ही पानं गुंडाळणारी अळी, म्हणजे कीड. तिचं पुढे ग्रास डेमन नावाचं फुलपाखरू होतं, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं.

उदास्पेस फोलस हे त्याचं शास्त्रीय नाव, कूळ स्किपरांचं. पंखांचा विस्तार ४ ते ५ सेंटिमीटर. पंख गडद तपकिरी, पुढच्या जोडीवर पांढरे ठिपके आणि मागच्या प्रत्येक पंखावर एक मोठा पांढरा डाग. अंग आखूड नि दणकट, डोकं रुंद, मिशांची टोकं आकड्यासारखी वाकलेली. उडतं तेही झटके देत. नजर ठरेपर्यंत दुसऱ्या झाडावर.

मादी हळद, आलं, सोनटक्का अशा एकाच कुळातल्या झाडांच्या पानांवर सुटं सुटं, घुमटाकार, लालसर अंडं घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. काळं डोकं आणि आतलं दिसावं इतकं नितळ हिरवं अंग. ती पानाची कड दुमडून घर करते, आसपासचं पान खाते आणि वाढली की मोठी गुंडाळी करते.

अशा घरात विष्ठा साठली, तर तिच्या वासावर गांधीलमाश्या येतात. त्यामुळे स्किपरांच्या अळ्या विष्ठा दूर भिरकावतात. अमेरिकेतल्या सिल्व्हर-स्पॉटेड स्किपरचा अभ्यास करून मार्था वाइस यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं. त्याची ४ सेंटिमीटरची अळी विष्ठेची गोळी दीड मीटरपर्यंत फेकते!

दोन-तीन आठवड्यांनी हळदीवरची अळी गुंडाळीतच कोष करते. कोषातल्या सोंडेचं आवरण इतकं लांब असतं, की ते पोटाच्या टोकापलीकडे जातं. आठवडाभरात बाहेर पडलेलं फुलपाखरू याच लांब सोंडेने खोल नळीच्या फुलांतला मध पितं.

परसातल्या चार रोपांवर अशा गुंडाळ्या दिसल्या, तर खुशाल राहू द्या. शेतात त्या वाढल्याच, तर आधी गुंडाळलेली पानं अळीसकट वेचून काढा. फवारणीचा विचार त्यानंतर.