विजेच्या लहरीच्या पायऱ्या

वीज गेल्यावर काही घरांत इन्व्हर्टरवरचा पंखा घुमू लागतो. दोष पंख्याचा नसतो. बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. पंख्याला मात्र सेकंदाला ५० आवर्तने करत हळुवार चढणारी-उतरणारी एसी वीज लागते. स्वस्तातला इन्व्हर्टर विजेची दिशा फटक्यात उलटवतो, त्यामुळे गोलाईदार लहरीऐवजी चौकोनी लहर तयार होते. तिच्यातील नको असलेल्या वारंवारतांमुळे मोटर घुमते आणि तापते.

घरात हे चालून जाते. कारखान्यांत हजारो व्होल्टवर चालणाऱ्या मोटारींना मात्र ते परवडत नाही. दाबाच्या अशा झटक्यांनी वेटोळ्यांवरील इन्सुलेशन खराब होते. शिवाय एवढा दाब एका स्विचला पेलतही नाही. जपानमधील अकिरा नाबाए, इसाओ ताकाहाशी आणि हिरोफुमी अकागी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर उपाय मांडला. अधिक आणि उणे या दोन पातळ्यांच्या मध्ये त्यांनी शून्याची पायरी घातली. त्यामुळे प्रत्येक स्विचवरचा दाब निम्म्यावर आला आणि लहरही सुधारली. बहुस्तरीय इन्व्हर्टरचे तत्त्व हेच.

मग पायऱ्या वाढवतच का जाऊ नये? कारण प्रत्येक पायरीची किंमत मोजावी लागते. चार स्विच आणि एक डीसी स्रोत असलेले दोन संच एकसर जोडले, की पाच पातळ्या मिळतात. पण तीन फेजसाठी २४ स्विच लागतात. साध्या इन्व्हर्टरला सहा पुरतात. दोन स्रोतांच्या दाबांचे प्रमाण १:३ ठेवले, तर तेवढ्याच स्विचमधून नऊ पातळ्या मिळतात, मात्र बहुतेक भार मोठ्या संचावर येतो. पायऱ्या वाढल्या की प्रत्येक स्विचची उघडझाप कमी होते आणि त्यातली उष्णता वाचते. पण प्रवाहाला अधिक स्विचमधून जावे लागते आणि तिथे ऊर्जा खर्च होते. कार्यक्षम रचना म्हणजे हा जमाखर्च नीट जुळवणे.

तमिळनाडूतील पुगळूर ते केरळमधील त्रिशूर ही २,००० मेगावॅटची डीसी वाहिनी २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांना असे शेकडो संच जोडून लहर घडवली जाते. दोनच पातळ्यांच्या सुरुवातीच्या केंद्रांत सुमारे तीन टक्के वीज वाया जाई. बहुस्तरीय केंद्रांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले आहे. दोन टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण २,००० मेगावॅटवर तो ४० मेगावॅट होतो. एवढी वीज उष्णता होऊन हवेत जाणार की घराघरांत पोहोचणार, हे या पायऱ्यांच्या रचनेवर ठरते.