शब्दाआधीची खूण

आपल्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात पालकांचा एक प्रश्न वारंवार कानी पडतो : "बाळ दीड वर्षाचे झाले, अजून बोलत नाही; थांबावे की तपासावे?" त्यावर डॉक्टरांचा पहिला प्रतिप्रश्न असतो, "बाळ बोटाने दाखवते का?" प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर, वैद्य नव्हे, तथापि या प्रतिप्रश्नामागील शास्त्र देणगीदार, विश्वस्त व पालक या सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे.

साधारणतः ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास बाळ हात पुढे करून वस्तू मागते, बोटाने निर्देश करते, निरोपाचा हात हलविते. पुढे हात फडफडवून 'चिऊ' दर्शविते. घरात कौतुकाचा विषय ठरणाऱ्या या खुणा हा भाषेचाच पहिला हप्ता होय. शब्दोच्चारासाठी जीभ, ओठ व श्वास यांचा सूक्ष्म मेळ साधावा लागतो. हाताचे काम त्या मानाने सोपे असल्याने मनातील आशय पुष्कळदा आधी हातातून प्रकटतो.

समोर चिमणी नसताना तिची खूण करावयाची, तर तिची प्रतिमा मनात साठविलेली असावी लागते. येथे स्मृतीचा संबंध येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ महिन्यांच्या बालकांना काही नव्या कृती केवळ दाखविल्या, करू दिल्या नाहीत. एक कृती कपाळाने फळीस स्पर्श करून दिवा उजळण्याची होती. आठवड्यानंतर त्याच वस्तू समोर ठेवल्या असता अनेक बालकांनी त्या कृती करून दाखविल्या. बोलता न येणारे मूलही पाहिलेले जपून ठेवते, हे यातून स्पष्ट होते.

जाना आयव्हरसन व शिकागो विद्यापीठाच्या सुसान गोल्डिन-मेडो यांनी १० बालकांचे १० ते २४ महिन्यांच्या वयात निरीक्षण केले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेक वस्तूंचा निर्देश आधी खुणेने व नंतर शब्दाने झाल्याचे आढळले. चेंडूकडे बोट दाखवून 'बाबा' म्हणणारे, म्हणजेच खूण व शब्द जोडणारे मूल पुढे दोन शब्दही लवकर जोडते, असेही दिसून आले. मेरेडिथ रो व गोल्डिन-मेडो यांच्या २००९ च्या अभ्यासात शिकागो परिसरातील ५० कुटुंबे होती. १४ व्या महिन्यात खुणांनी अधिक अर्थ व्यक्त करणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह साडेचार वर्षांच्या वयात मोठा होता. सुस्थितीतील घरांत पालक व मुले दोघेही खुणा अधिक वापरीत. धर्मादाय रुग्णालयाने याची विशेष दखल घ्यावयास हवी, कारण बाळाच्या बोटामागे नजर वळवून "हो, ती गाय!" असे म्हणण्यास कोणताही खर्च येत नाही.

खुणांची सवय लागल्यास बोलणे लांबते, हा समज निराधार आहे. मात्र "आमच्या घराण्यात सारेच उशिरा बोलतात" या समजुतीपायी मोलाचे महिने वाया जातात. १२ महिन्यांपर्यंत बोट दाखविणे वा अन्य खुणा नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, अथवा आलेली खूण वा शब्द लोपला, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ बालरोगतज्ज्ञांस भेटावे व प्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. लहान बाळाची प्राथमिक श्रवणचाचणी ते झोपेत असताना, वेदनेविना होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतही बालकांच्या विकासाची विनामूल्य तपासणी होते.

ऐकू न येणाऱ्या बालकास श्रवणयंत्र व वाचोपचार जितक्या लवकर मिळतील, तितकी भाषा त्याच्या आवाक्यात येते. अशा उपचारांसाठी दिलेल्या देणगीचा लाभ बालकास आयुष्यभर होतो. देणगीदारांनी हा निधी वाढवावा आणि पालकांनी बाळाच्या शब्दाची वाट पाहताना त्याच्या हातांकडेही लक्ष ठेवावे, ही नम्र विनंती.